अमावस्या. बारा. कांदा तुझा.

सरांच्या गादीखाली मला पंचांग सापडलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि अंधश्रद्धेच्या बाबतीत कुणालाही माफ करायच्या मनःस्थितीत नव्हते.

मी शोधत होते पत्रकांचा गठ्ठा. सर शिरूरला घोड नदीच्या बाजूच्या आळीत दोन खोल्यांत एकटे राहायचे. घरात कपाट नव्हतं. पेन्शनचे कागद, विजार-सदरे, आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाची पत्रकं, सगळं गादीखाली. त्यामुळे गादी कडेला उंच आणि मध्ये खोल झाली होती, आणि सर त्यात होडीत निजल्यासारखे निजायचे. ग्रहणात जेवण्याविषयीचं आमचं पत्रक आणि भानामतीविषयीचं पत्रक यांच्या मधोमध ते पंचांग होतं. चालू वर्षाचं. पानांचे कोपरे दुमडलेले. महिन्यातून एका दिवसाभोवती लाल शाईचा गोल.

आता हे सर कोण, ते सांगते म्हणजे माझा धक्का कळेल. ग्रहण लागलं की हा माणूस चौकात खुर्ची टाकून भजी खायचा. लोकांना दिसावं म्हणून हळूहळू खायचा. मांजर आडवं गेलं तर सायकल वळवून मांजराला आडवा जायचा. म्हणायचा, "त्याचाही दिवस खराब व्हायला पाहिजे. समता." मला शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं, आणि शाळा सुटल्यावर उरलेलं सगळं. माझे वडील छापखान्यात ट्रेडल मशीन चालवायचे. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, बिघडलेली पत्रकं होती. मोर्चे, संप, सभा, निषेध. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. अशा मुलीच्या हाती सर लागले. पुढं काय होणार होतं ते उघड होतं.

"सर, हे काय?"

"पंचांग."

"ते दिसतंय. तुमच्या घरात?"

"दुकानात उभं राहून वाचू देत नाही वाणी. विकत घ्यावं लागतं."

"आणि हे लाल गोल? सगळ्या अमावस्या आहेत."

सर स्टोव्हला पिन करत होते. त्यांनी मान वर केली नाही. "अमावस्येला माझ्याकडे जेवण असतं. दोन मित्र येतात. तू ये एकदा. बघ, आणि मग माझ्याविरुद्ध पत्रक काढ. शीर्षक मी सुचवीन."

मी गेले. वही घेऊन गेले.

त्याआधी त्यांनी मला अमावस्येमागचा हिशेब समजावला, तो इथं सांगितला पाहिजे. या भागात माणूस मोकळा कधी सापडतो? कधीच नाही. लग्न असतं, साखरपुडा असतो, बारसं, वास्तुशांत, सोसायटीची मीटिंग, दुकानाचं उद्घाटन, जमिनीचा व्यवहार. फक्त अमावस्येला यातलं काहीही नसतं. त्या दिवशी शेतकरी बैल जुंपत नाही, कुणी पोरगी दाखवत नाही, कुणी ट्रॅक्टर घेत नाही. "अख्खा तालुका दर महिन्याला एक दिवस आपणहून घरी बसतो," सर म्हणाले. "त्यांना वाटतं दिवस वाईट आहे. मला वाटतं फुकट आहे. मी वापरतो."

हे त्यांनी नोकरीतही वापरलं होतं. वर्षाला किरकोळ रजा बारा, अमावस्या बारा. रजेच्या अर्जावर कारण म्हणून सर प्रामाणिकपणे 'अमावस्या' एवढंच लिहायचे. हेडमास्तर मोठे सोवळे होते. ते शिक्षकांच्या खोलीत सांगायचे, हा वरून नास्तिक आहे हो, आतून फार कडक आहे. अधिक महिन्यात तेरावी अमावस्या यायची, तेव्हा सरांचं पोट दुखायचं.

जेवणाला बोलावणं म्हणजे आठ दिवस आधी टाकलेलं पोस्टकार्ड. त्यावर चारच शब्द. 'अमावस्या. बारा. कांदा तुझा.' दुसऱ्याच्या कार्डावर, 'अमावस्या. बारा. भाकरी तुझी.' तारीख कधीच नाही. मी म्हटलं, तारीख लिहिली तर सोपं नाही का? सर म्हणाले, "ज्याला यायचंय तो शोधतो."

जेवण म्हणजे पिठलं, भाकरी, कांदा. पंचवीसेक वर्षं तेच. पिठलं सरांचं, भाकरी एकाची, कांदा दुसऱ्याचा. चौथा पदार्थ करायला बंदी होती. त्यावर सरांचा सिद्धान्त होता, आणि तो ते भूमितीतल्या प्रमेयासारखा मांडायचे. "दोस्ती भांडणानं मोडत नाही, पाहुणचारानं मोडते. तू मला श्रीखंड घातलंस की मी तुला बासुंदी घालणार. तिसरा म्हणणार, घराला रंग लागला की बोलावतो. रंग लागत नाही, तो बोलावत नाही. मग सगळे एकदम कुणाच्या तरी दहाव्याला भेटतात आणि म्हणतात, किती दिवसांनी."

एकदा मुलाला रांजणगावच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून एका मित्रानं पेढे आणले होते. सरांनी डबा उचलला, आळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांना सगळे पेढे वाटले, डबा धुतला, पुसला आणि मित्राच्या हातात दिला. "अभिनंदन. बस जेवायला."

हे पेढेवाले मित्र म्हणजे आबा. वडगाव रासाईच्या अलीकडच्या एका वाडीवरचे बागाईतदार. भीमेचं पाणी, ऊस, सोसायटीत वजन, पांढऱ्या कपड्यांना कायम कडक इस्त्री. दुसरे दौंडला रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. त्यांना मी गार्डमामा म्हणायचे. ते मूळचे त्याच वाडीचे. त्यांचे भाऊ-भावजय अजून तिथल्या बौद्ध वस्तीत राहायचे. सर त्याच गावच्या शिंप्याचा मुलगा. तिघं एका शाळेत, एका वर्गात.

गार्डमामांना अमावस्या मोकळी कशी मिळायची? त्यांच्याच तोंडून ऐकलेलं: "आमच्याकडं मोठमोठे शूर हायेत. पण अमावस्येच्या रातीची मालगाडी म्हटलं की एकाला ताप, एकाच्या सासूला अटॅक. मी म्हणतो, द्या मला. माझा दिवस मोकळा ठिवा. बाबासाहेबांनी आम्हाला भुतातनं सोडवलं, त्याचा एवढा फायदा तर घ्यायलाच पायजे." भाकरी ते स्वतः थापायचे. ड्युटीवर बाहेरगावी मुक्काम पडायचा, तिथं हातानं करून खायची सवय. दौंडहून न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या मांडीवर घेऊन ते यायचे. शेजारचा प्रवासी वासानं चळायचा.

मी वही घेऊन बसले त्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत कळलं, की या दोन मित्रांचं एकमेकांशी बोलणं नाही.

"मास्तर," आबा म्हणाले, "त्याला सांग, भाकरी जरा कडक झाल्यात."

गार्डमामा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. "मास्तर, त्याला सांग, दात गेलं आसतील."

सर मधे बसून पिठलं वाढत होते. "तो म्हणतो, दात गेले असतील."

"आयकू आलं."

"मग मला कशाला मधे घालता?"

मग जेवण अर्ध्यावर आलं तसं गार्डमामांनी हात थांबवला आणि सरांकडे बघत विचारलं, "मास्तर, इचार त्याला. वाट कवा?"

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मास्तर, सांग त्याला. आज अमावस्या. जमिनीचं बोलणं अमावस्येला करत न्हाईत."

तेवढ्यावर तो विषय संपला. कांदा संपला, ताटं धुतली, दोघं आपापल्या एसटीला गेले.

प्रकरण असं होतं. वस्तीतून गावात यायची जुनी पायवाट आबांच्या बांधावरून जायची. वर्षभरापूर्वी आबांनी तिथं उसाच्या दोन सऱ्या वाढवल्या आणि वाटेच्या तोंडाला बाभळीचे काटे लावले. वस्तीतली माणसं आता कॅनॉलवरून लांबचा वळसा घालून यायची. बायका डोक्यावर दळण घेऊन, पोरं दप्तर घेऊन. त्यांत गार्डमामांची भावजयही होती, पन्नाशी उलटलेली, गुडघ्यानं त्रासलेली.

माझं रक्त तापलं. मी गार्डमामांना सोडायला एसटी स्टँडपर्यंत गेले आणि वाटेतच सुरू झाले. म्हटलं, मामा, तुमच्या लोकांची वाट अडवणाऱ्याच्या पंगतीला तुम्ही बसताच कसे? हा समझोता आहे. मी तुमच्या जागी असते तर त्याचं तोंड बघितलं नसतं.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, मी न्हाई आलो तर त्याला बरंच वाटंल की. मी दर अमावस्येला येतो, त्याच्या समूर बसतो, त्याचाच कांदा खातो आन् इचारतो, वाट कवा. घास नीट गिळत न्हाई तो त्या दिवशी. तू बघितलं न्हाईस?"

मी बघितलं नव्हतं. मी वहीत लिहीत होते.

"आन् दुसरं," ते म्हणाले. "शाळेत मी दारापाशी बसायचो. भाकरी बी तिथंच खायचो. मास्तर पहिल्या दिवशी उठून माझ्यापाशी आला, शिंप्याचं पोरगं, त्याला कोण इचारतंय. पण हा बागाईतदाराचा. हा तिसऱ्या दिवशी आला. रातच्याला बापानं चाबकानं फोडला त्याला. चौथ्या दिवशी आला ते पाठ धरून, आन् खिशात दोन कांदे. म्हणाला, तुमच्यात कांदा न्हाई वाटतं."

एसटी आली. पायरीवर चढता चढता ते म्हणाले, "तवा मार खाल्ला माझ्यासाठी. आता वाट खातोय. दोन्ही खरंच हाय. मी काय करू?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. पण त्या वयात उत्तर नसलं की मी नवीन पत्रक काढायचे. तसं काढलं. शीर्षक, 'अमावस्येला काय होतं?' खाली मोठ्या अक्षरात, 'काहीच होत नाही.' आवाहन असं, की अमावस्येला पेरा, नांगरा, लग्न लावा, व्यवहार करा, दुकान उघडा. मसुदा सरांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. आपलं हक्काचं जेवण या कागदानं धोक्यात येतंय, हे त्यांना पहिल्या ओळीलाच कळलं असणार. तरी त्यांनी दोन वाक्यं आवळली, एक उदाहरण घातलं आणि शेवटी लाल शाईत एक ओळ वाढवली: 'चांगलं काम करायला कोणताही दिवस चांगला.'

"सर, तुम्हाला चालेल ना?"

"मला न चालून काय? खरं आहे ते."

पत्रक आम्ही शिरूरला, न्हावऱ्याच्या बाजारात, थेट यवतच्या ढाब्यांपर्यंत वाटलं. लोकांनी भेळ खाल्ली त्यावर. शिरूरच्या वाण्यानं तर हात मागे घेतला. "लक्ष्मीच्या दुकानात असला कागद नको," म्हणाला. वर्षानुवर्षं पत्रकं वाटणाऱ्याला एक दुःख असतं, की ती कुणी वाचत नाही. त्या वेळी एकानं वाचलं.

पुढच्या अमावस्येच्या दोन दिवस आधी सरांना आबांचं कार्ड आलं. 'मुलानं पत्रक वाचून ट्रॅक्टर सुरू केला आहे. आम्ही अंधश्रद्धा सोडली. अमावस्येला काम चालू असल्यानं येणे जमणार नाही. कळावे.'

सरांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे दिलं. "तुझं पहिलं यश. पत्रक वाचून सुधारलेला तालुक्यातला पहिला माणूस."

"तो सुधारला नाही सर, पळाला. त्याला 'वाट कवा' ऐकायचं नाही."

"पळण्याबद्दल आपण पत्रकात काही लिहिलं नव्हतं," सर म्हणाले.

त्या दिवशी जेवायला आम्ही तिघं होतो. कांदा नव्हता. कोपऱ्यावर भाजीवाली बसते, मी आणते म्हटलं, तर सरांनी असं बघितलं की मी परत मांडी घातली. कांदा आबांचा. आबा नाहीत तर कांदा नाही. पिठलं-भाकरी कांद्याशिवाय किती मुकी लागते, ते खाऊन बघा. त्याच्या पुढच्या अमावस्येलाही तसंच. गार्डमामांनी अर्धी भाकरी फडक्यात परत बांधली.

"आता केस टाकतो मास्तर," ते म्हणाले. "भावानं तहसिलीचे कागद काढल्यात. मीच थांब म्हणत होतो. आता कुणासाठी थांबवू? वैनीला रोज कॅनॉलवरनं जावं लागतंय."

मी म्हटलं, टाकाच मामा. सरही म्हणाले, "टाक. हक्क आहे तुझा." आणि उठून स्टोव्ह बंद केला. "पण त्यानंतर तुम्ही वादी आणि प्रतिवादी. पुढं कोर्टाच्या तारखेला भेटाल, तिथं पिठलं नसेल."

"न्हाई तर दुसरं काय करू, सांग."

"पुढच्या अमावस्येपर्यंत थांब. एकच."

गार्डमामांनी भाकरीचं फडकं खांद्यावर टाकलं. "एकच," ते म्हणाले.

पुढचे काही दिवस सर सायकलवरून जाताना मांजर आडवं गेलं तरी तसेच पुढे जायचे. मला काळजी वाटली. मग एका दुपारी ते मला घेऊन फोटो फ्रेमवाल्याकडे गेले आणि पिशवीतून आमचं अमावस्येचं पत्रक काढून म्हणाले, "याला सोनेरी चौकट. काच घाला."

"पत्रकाला?" फ्रेमवाल्यानं विचारलं.

"मानपत्र आहे."

घरी येऊन त्यांनी आबांना कार्ड लिहिलं. पहिल्यांदाच ते चार शब्दांचं नव्हतं. 'अंधश्रद्धा सोडल्याबद्दल आमच्या मंडळातर्फे तुझा जाहीर सत्कार करण्याचे ठरले आहे. अमावस्येला बारा वाजता, तुझ्याच शेतावर. चार माणसे बोलव.'

मी तावातावानं भांडले. म्हटलं, वाट अडवणाऱ्याचा सत्कार? माझ्या मंडळातर्फे? सर म्हणाले, "तो जेवणाला येणार नाही. तुझ्या मोर्च्याला तर नाहीच येणार. पण सत्काराला नाही म्हणणारा बागाईतदार अजून जन्माला यायचाय."

आणि खरंच, आबांनी चार नव्हे, तीसेक माणसं बोलावली होती. भावकी, सोसायटीतले दोघं-तिघं, शेजारची बिऱ्हाडं. बांधाच्या कडेला सतरंजी टाकलेली, तीन खुर्च्या, कळशीभर पाणी. मुलानं ट्रॅक्टर पुसून बाजूला उभा केला होता. आबांचे कपडे इतके पांढरे, की बघवत नव्हतं. गार्डमामा भाकऱ्या मांडीवर घेऊन सतरंजीच्या कडेला बसले. आपल्यालाही यात का ओढलं ते त्यांना कळत नव्हतं, आणि ते लपवतही नव्हते. पिठल्याचं पातेलं माझ्याकडे होतं. वस्तीतली माणसंही काट्यांपलीकडे येऊन उभी राहिली होती, कारण सरांनी त्यांनाही कार्ड टाकलं होतं.

सरांनी झेंडूचा हार घातला. सोनेरी चौकट आबांच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. मग ते भाषणाला उभे राहिले.

"मंडळी, आबा माझा बालमित्र. या माणसाला मी आयुष्यभर भोळा समजत होतो. गेलं वर्षभर आम्ही जेवायला बसायचो तेव्हा एक जमिनीचा विषय निघायचा. हा दर वेळी म्हणायचा, आज अमावस्या, आज नको. मला वाईट वाटायचं. मनात यायचं, किती हे अंधश्रद्धेचं जोखड, की माणसाला चांगलं काम करावंसं वाटतंय आणि करता येत नाहीये."

आबांची मान हळूच वर आली.

"करायचं मनात होतंच. अडलं होतं फक्त दिवसापाशी. आता यानं स्वतः मला लिहून कळवलंय, की अमावस्या सोडली." सरांनी खिशातून कार्ड काढून वाचून दाखवलं. "म्हणजे अडचण संपली. तुमच्या हातातल्या चौकटीत शेवटची ओळ काय आहे आबा, वाचा जरा मोठ्यानं."

आबांनी वाचली नाही. त्यांच्या मुलानं मागून खांद्यावरून वाकून वाचली, "चांगलं काम करायला कोणताही दिवस चांगला." आणि तो फसकन हसला. मग भावकीतलं कुणी तरी हसलं. काट्यांपलीकडे एक म्हातारा खोकला, पण तो खोकला नव्हता.

आबा उभे होते. गळ्यात हार, हातात चौकट, समोर तीस माणसं, ती त्यांनीच बोलावलेली. परत 'आज अमावस्या' म्हणावं तर हार काढून द्यावा लागणार. 'देत नाही वाट' असं म्हणावं, तर आजवर ते त्यांनी एकदाही म्हटलेलं नव्हतं. ते नेहमी फक्त दिवस पुढे ढकलत आले होते. मी त्या वेळी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. वही नव्हती हातात. त्यांनी सरांकडे बघितलं, मग पहिल्यांदा गार्डमामांकडे. गार्डमामांनी नजर हटवली नाही.

"मास्तर," आबा म्हणाले, "तू लई नालायक माणूस हायेस."

"शाळेपासून."

आबांनी चौकट मुलाच्या हातात दिली. हार तसाच गळ्यात ठेवून ते वाटेच्या तोंडाशी गेले आणि बाभळीची पहिली फांदी स्वतः ओढली. बाही फाटली. मुलगा पुढं झाला, भावकीतले दोघं आले, पलीकडून वस्तीतल्या पोरांनी हात घातला. सऱ्यांचं काय ते ऊस तोडणीला आल्यावर बघू, असं आबा म्हणाले. तेव्हा गार्डमामा पहिल्यांदा उभे राहिले. "तोडणीपत्तर माणसं उसातनं चालतील. अंगाला पातं लागलं तर तुझ्या दारात येतील." आबांनी मान हलवली.

वाट मोकळी झाली तशी सगळ्यांत आधी गार्डमामांची भावजय आली. डोक्यावर दळणाचा डबा होता, म्हणजे ती बघायला आलेली नव्हतीच, गिरणीलाच निघाली होती. आबांच्या जवळून जाताना ती थांबली. मला वाटलं, काही तरी बोलेल. दोन कडक शब्द तरी. ती म्हणाली, "ते काटं नीट लांब टाका आबा. शेरडांच्या पायात जात्यात." आणि गेली.

हे सगळं होईपर्यंत दीड वाजला. पिठलं गार होऊन घट्ट बसलं होतं. सरांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा गार पिठलं. त्यांनी ते सुरीनं कापून वड्यांसारखं वाढलं. बाकीची माणसं चहा घेऊन पांगली होती. आम्ही बांधावर चौघं.

गार्डमामा म्हणाले, "मी आभार मानणार न्हाई. वाट माझ्या बापाच्या बापापासनंची हाय." पण ते म्हणताना त्यांनी सरांकडे बघितलं नव्हतं.

"मागतंय कोण," आबा म्हणाले.

आबांनी उठून शेजारच्या वाफ्यातून कांदा उपटला, पात झटकली, माती झटकली आणि समोर ठेवला. मधे सर होते. पण त्यांना कुणी मधे घातलं नाही.

"फोड," गार्डमामा म्हणाले.

आबांनी बुक्कीनं कांदा फोडला.

त्यानंतर आबांनी अमावस्या परत धरली. मुलगा म्हणायचा, "आबा, तुम्ही तर सोडली होती. मानपत्र हाय घरात." आबा म्हणायचे, "सोडली होती. परत धरली. जमत न्हाई." आणि कांदे पिशवीत घालून शिरूरच्या एसटीला जायचे. मानपत्र त्यांच्या ओसरीवर लावलेलं होतं. त्याच्या खाली बसून ते पाहुण्यांना सांगायचे, अमावस्येला घरातनं बाहेर पडू नये, पडायचंच तर फक्त शिरूरला जावं.

मी त्या दिवशी घरी येऊन सरांवर पत्रक लिहायला बसले होते. शीर्षकही सुचेना. या माणसाला शिव्या कुठल्या बाजूनं द्यायच्या, तेच ठरेना. तीन आठवड्यांनी मला कार्ड आलं. सरांचं अक्षर. 'अमावस्या. बारा. मिरच्या तुझ्या.'

पंचवीस वर्षांत चौथा पदार्थ आला नव्हता. मी ते कार्ड किती वेळा वाचलं, ते सांगत नाही. मिरच्याच का, हेही मी त्यांना कधी विचारलं नाही. मला कळतं.

फक्त एक अडचण झाली. कार्डावर तारीख नव्हती, आणि पंचांग मी कधी घरात आणणार नव्हते. तो माझा निश्चय होता आणि अजूनही आहे. म्हणून मी त्याच वाण्याच्या दुकानात गेले आणि विचारलं, "काका, अमावस्या कधी आहे?"

त्यानं गल्ल्यावरचं पंचांग उघडलं, बोट फिरवलं, वार सांगितला. मग माझ्याकडे नीट बघितलं. पुढच्या महिन्यात मी परत गेले, त्याच्या पुढच्याही. चौथ्या महिन्याला मी दुकानाची पायरी चढायच्या आत त्यानं वार सांगितला आणि दुकानातल्या दोन बायकांना म्हणाला, "बघा, आपली पत्रकवाली. आता एक अमावस्या चुकवत नाही." आणि मला म्हणाला, "सुधारलीस हो पोरी."

मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, हे अख्ख्या शिरूरला माहीत आहे. पण बारा वाजत आले होते आणि पिशवीत मिरच्या होत्या. मी म्हटलं, "हो काका," आणि सरांच्या आळीकडे वळले.